तिसरा हिस्सा

कोर्टाचा लिफाफा अकराच्या टपालातून आला आणि त्यानं तो न फोडताच ओळखला. जाड पिवळट कागद, डाव्या कोपऱ्यात गोल शिक्का, पत्त्याच्या जागी 'व्यवस्थापक, पगार विभाग'. बावीस वर्षांत असे एकोणीस लिफाफे त्याच्या टेबलावर येऊन गेले होते. प्रत्येकात बटणांच्या या कारखान्यातल्या कोणा ना कोणाचं नाव असायचं, घेतलेलं आणि न फेडलेलं कर्ज असायचं, त्यावर झालेला हुकूमनामा असायचा, आणि शेवटी पगार-कारकुनासाठी, म्हणजे त्याच्यासाठी, एक ओळ असायची: सदर इसमाच्या पगारातून दरमहा कायद्याप्रमाणे रक्कम कापून कोर्टात भरावी. हा विसावा. आत कोणाचं नाव आहे हे त्याला ठाऊक होतं, कारण ते त्याचं स्वतःचं होतं. त्यानं लिफाफ्याची कड सरळ कापली, कागद बाहेर काढला, नाव वाचलं, वडिलांचं नाव वाचलं आणि आता हातपाय गळतील म्हणून वाट बघत बसला. काही गळेना. खालच्या मजल्यावर यंत्रं ठकठक करत बटणं पाडत होती, टेबलावरचा पाण्याचा पेला त्या ठोक्यांसरशी थरथरत होता, आणि थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपण त्या ठोक्यांवर चक्क गुणगुणतोय. तो दचकला. समोरच्या टायपिस्टनं मान वर केली. "आज स्वारी खुशीत दिसतेय," ती म्हणाली. त्यानं घाईघाईनं कागद पालथा घातला.

पण खरंच होतं ते. तो खुशीत होता, आणि ही खुशी कुठून आली हे त्यालाच उमगत नव्हतं. चोरासारखी आत शिरली होती. गेली तीन वर्षं तो भीत होता, आणि त्या भीतीला तळ नव्हता. वसुलीचा माणूस दर पंधरवड्याला कारखान्याच्या फाटकापाशी उभा राहायचा. आवाज कधी चढवायचा नाही. उलट डॉक्टरच्या काळजीनं सांगायचा, "घर जाईल, नोकरी जाईल, अंगावरचे कपडेसुद्धा राहायचे नाहीत बघा." आणि ज्यानं एकोणीस जणांना स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की घाबरू नका, अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, कामाची हत्यारं यांना कोणी हात लावू शकत नाही, पगारातलेसुद्धा पहिले हजार कायम तुमचे, उरलेल्याचा फार तर तिसरा हिस्सा जाईल, तोच हा माणूस वसुलीवाल्याचा शब्द न् शब्द खरा मानून घरी जायचा. स्वतःवर वेळ आली की शहाणपण कुठे दडी मारून बसतं कोण जाणे. आता हा कागद समोर होता. तिसरा हिस्सा, तीस महिने. ज्या गोष्टीला त्यानं रात्रंदिवस अंत नाही असं मानलं होतं तिला कोणीतरी पट्टी लावून मोजलं होतं, खाली सही केली होती आणि पोस्टात टाकलं होतं.

कारखान्यात त्याला कात्री म्हणत. तोंडावर 'साहेब' आणि पाठ वळली की 'कात्री'. हे त्याला पंधरा वर्षांपूर्वीच कळलं होतं आणि तेव्हापासून मनातल्या मनात तो स्वतःलाही कात्रीच म्हणू लागला होता. नाव काही वाईट नव्हतं. पण या कात्रीची एक खोड होती, ती कोणाला माहीत नव्हती. कोर्टाची कपात पगाराच्या चिठ्ठीवर 'न्यायालय' या रकान्यात दाखवायची असा नियम होता, आणि तो ती 'इतर' या रकान्यात दाखवायचा. 'इतर'मध्ये फुटलेला चष्मा असायचा, हरवलेली चावी असायची, कोणाच्या निरोप समारंभाची वर्गणी असायची. रांगेत मागचा माणूस पुढच्याच्या चिठ्ठीत डोकावायचा तेव्हा त्याला एवढंच दिसायचं: इतर. पहिल्यांदा असं केलं ते पहिल्या लिफाफ्यातल्या पॉलिशवाल्यासाठी, आणि मग एकाला एक आणि दुसऱ्याला एक नको म्हणून सगळ्यांसाठी. त्या एकोणीस जणांचं एक कोडं मात्र त्याला कधी सुटलं नव्हतं. कपात सुरू झाली की ही माणसं खंगतील असं वाटावं, तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून ती चक्क बाळसं धरायची. पॉलिशवाला मिशा पिळू लागला. पॅकिंगमधली ती कायम ओढलेल्या चेहऱ्याची बाई डझनावारी बटणं पुठ्ठ्यावर शिवता शिवता गाऊ लागली, आणि तिचा आवाज काही बरा नव्हता, तरी गायचीच. तेव्हा त्याला वाटायचं, निर्लज्ज आहेत झालं. आज त्याला त्या बाईला खाली जाऊन भेटावंसं वाटलं आणि विचारावंसं वाटलं की तुमची कुठली चाल होती ती.

कर्ज त्याचं नव्हतंच मुळी. बायकोच्या धाकट्या भावानं रंगीत माशांचं दुकान काढलं होतं. बायकोला सख्खा म्हणून तो एकटाच. आई-बाप गेलेले, तिनंच त्याला वाढवलेलं. दुकान एवढंसं, पण आत पाऊल टाकलं की माणूस पाण्याखाली गेल्यासारखा हळू चालू लागायचा. बावीस टाक्या, निळे दिवे, बुडबुड्यांचा आवाज, आणि मधोमध उभा राहून मेहुणा हात हलवत सांगायचा, "भाऊजी, हा बघा, हा लाजतो. याला दोन मिनिटं बघत राहिलं की कोपऱ्यात जाऊन बसतो." दुकानाच्या कर्जाला जामीन म्हणून सही करायची तेव्हा त्यानं एका हातानं सही केली होती आणि दुसऱ्या हाताचं बोट काचेवर टेकवून त्या लाजऱ्या माशाशी खेळत होता. आयुष्यात एवढ्या आनंदानं त्यानं दुसऱ्या कुठल्याच कागदावर सही केलेली नव्हती, आणि आजसुद्धा, हुकूमनामा समोर असताना, त्या संध्याकाळचा त्याला पश्चात्ताप होईना. पुढे कधीतरी दोन दिवस वीज गेली, टाक्यांतली हवा बंद पडली, आणि तिसऱ्या दिवशी मेहुण्यानं दुकानाचं दार उघडलं ते परत लावण्यासाठीच. टाक्या विकून जेमतेम व्याज सुटलं. मेहुणा स्वतःच्या बायकोला घेऊन दोन तासांच्या अंतरावरच्या एका गावात बर्फाच्या कारखान्यात कामाला लागला आणि तिथून त्यानं पत्र लिहिलं, घरी नाही, इथे ऑफिसच्या पत्त्यावर. फेडल्याशिवाय ताईला तोंड दाखवणार नाही, असं होतं त्यात. खाली टेलिफोनचा नंबर होता. ते पत्र हातात धरून कात्रीनं विचार केला, तिला कळलं तर ती रडेल, माझ्या भावामुळे तुम्ही बुडालात म्हणेल. आणि त्यानं उलट टपाली लिहिलं: बरोबर आहे. तोवर इकडे येऊ नकोस, मी सांभाळतो. घरी जाऊन बायकोला म्हणाला, "मिटलं सगळं. दुकानावरच भागलं."

"मग तो येत का नाही?" तिनं विचारलं होतं.

"येईल. लाजला असेल."

तो आला नाही. ती पहिले काही महिने वाट बघत राहिली, मग एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "मी त्याला बोलले होते ना, मासे विकून कोणी मोठं झालंय का म्हणून. ते लागलं त्याला." बोलली होती खरी, पण थट्टेत, दुकानाच्या पहिल्याच दिवशी, आणि सगळे हसले होते, मेहुणा सगळ्यांत जास्त. आता तिनं ते वाक्य उकरून काढलं आणि धरून बसली. चष्म्याच्या दुकानात ती कामाला होती. दिवसभर लोकांना खालची ओळ वाचा, आता वरची वाचा म्हणायची, आणि घरी येऊन तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा वाचत बसायची. "काही कळलं का हो त्याचं?" महिन्या-दोन महिन्यांनी विचारायची. "नाही," तो म्हणायचा. नंबर ऑफिसातल्या टेबलाच्या खणात होता. पैशांची भीती त्याला तीन वर्षं वाटली, पण हा 'नाही' म्हणताना जे वाटायचं त्याला भीतीसुद्धा म्हणता येत नव्हतं. आणि आजच्या कागदानं तेही संपवलं होतं. पगाराचं पाकीट तो न फोडता तिच्या हातात द्यायचा. तिसरा हिस्सा गेलेलं पाकीट लपवायला जागा नव्हती. आज संध्याकाळी तिला कळणार होतं, आणि मग ती काय करेल हे त्याला ठाऊक नव्हतं.

महिन्यापूर्वी बेलीफ घरी आला तेव्हाच खरं तर सुटकेला सुरुवात झाली होती. नोटिशीवर तारीख होती. त्यानं रजा काढली, बायको कामावर गेल्यावर केर काढला, आणि पाहुणा येणार असल्यासारखा दारात उभा राहिला. बेलीफ जाडा, घामेजलेला, पोटाशी वही धरलेला. जप्त करायला काय काय आहे म्हणून घरभर फिरला. "ही कॉट?" "झोपायची आहे." "मग नको. हे शिवणयंत्र?" "बायकोचं. पावती तिच्या नावावर आहे." "हे कपाट?" कपाटाचं दार उघडायला गेला तर ते बिजागरीसकट त्याच्या हातात आलं. दोघांनी मिळून ते परत बसवलं. शेवटी बेलीफ हताश होऊन स्टुलावर बसला. "काय हो, तुमच्या घरात जप्त करण्याजोगं काहीच कसं नाही? लाज वाटते वहीत लिहायला. नोकरी कुठे?" त्यानं सांगितलं. "छान. पगारच जप्त करू. तिथे पगार कोण काढतं? हुकूम कोणाच्या हातात पडेल?" "माझ्या," तो म्हणाला. बेलीफनं वहीतून मान वर केली. "म्हणजे तुमचा पगार तुम्हीच कापणार?" "हो." बेलीफ हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि स्टूल करकरायला लागलं तसा कात्रीही हसला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. जाताना बेलीफनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "तीस वर्षांच्या नोकरीत असा दिवस आला नव्हता," तो म्हणाला. "प्रामाणिकपणे कापा हं."

आज महिन्याअखेर. चारपर्यंत पगारपत्रक पुरं व्हायचं होतं. त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला, आणि एक क्षण, अगदी एकच, त्याला वाटलं की हा लिफाफा गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला तर? कोर्टाला जाग यायला चार महिने, स्मरणपत्राला आणखी दोन. आजची संध्याकाळ सहा महिने पुढे जाईल. हात गठ्ठ्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला, कारण त्याच्या लक्षात आलं की असं केलं तर परत फाटकापाशी तो काळजीवाहू आवाज, परत तो 'नाही'. नको रे बाबा. तो उठला, कागद घेऊन व्यवस्थापकांकडे गेला. व्यवस्थापकांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही ठोकली आणि विचारलं, "आता कोण गाढव निघालं?" "आहे एक," तो म्हणाला. मग त्यानं टेबलाशी बसून पत्रक ओढलं, स्वतःच्या ओळीवर पट्टी ठेवली. पगार नऊ हजार. तिसरा हिस्सा तीन हजार. शाई ओली होती तोवर त्या आकड्याकडे तो बघत राहिला. किती सुबक आकडा! आणि मग बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं ती रक्कम 'इतर'मध्ये न लिहिता 'न्यायालय' या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिली.

साडेचारला रोखपाल बाईंनी काचेवर टकटक करून त्याला बोलावलं. बाई या कारखान्यात त्याच्याही आधीपासून होत्या. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, हसताना कोणी पाहिलेलं नाही. पत्रक त्यांच्यासमोर होतं आणि बोट त्याच्या ओळीवर.

"हे काय आहे?"

"कोर्टाची कपात," तो म्हणाला. कान तापले होते, पण त्याला वाटलं होतं त्यापेक्षा बोलणं सोपं गेलं. "मेहुण्याला जामीन राहिलो होतो."

"ते मी वाचलं. मी हिशेबाचं विचारतेय. पहिले हजार कुठे आहेत?"

"कुठले हजार?"

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "कुठले म्हणून मला विचारता? पहिले हजार बाजूला ठेवायचे, उरलेल्या आठ हजारांचा तिसरा हिस्सा. तुम्हीच नवीन लोकांना शिकवता. तुम्ही पुऱ्या नऊ हजारांचा काढलात. तीनशे तेहेतीस जास्त कापलेत."

त्यानं पाहिलं. खरंच होतं. बावीस वर्षांत त्याची बेरीज चुकली नव्हती, आणि चुकली ती अशी. "चूक झाली," तो पुटपुटला.

"एकोणीस जणांना एक छदाम जास्त कापला नाहीत," बाई म्हणाल्या. "ते सगळं मला ठाऊक आहे, आणि तुमचं ते 'इतर'सुद्धा मला ठाऊक आहे, पत्रक माझ्याच हातून जातं. आणि विसाव्याला बरोब्बर जास्त? याला चूक म्हणत नाहीत हो. तुम्ही स्वतःला शिक्षा करताय. शिक्षा कोर्टानंसुद्धा केलेली नाही. त्यांनी नुसते पैसे मागितलेत." त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, तीन हजारांवर आडवी रेघ मारली, वर दोन हजार सहाशे सदुसष्ट लिहिलं, आणि ती रक्कम बाण काढून 'इतर'च्या रकान्यात नेऊन ठेवली. "घरी माहीत आहे?"

"नाही."

"मग आज सांगा. पाकीट हातात घेतलं की बायकांना कळतं." आणि त्यांनी नोटा मोजून पाकिटात भरल्या, चिकटवलं आणि काचेखालून सरकवलं. ते तीनशे तेहेतीस कोणी त्याला दिलेले नव्हते, ते त्याचेच होते. तरी पाकीट खिशात ठेवल्यावर त्यानं ते वरून चाचपलं, आणि जिना उतरताना आणखी एकदा.

फाटकापाशी वसुलीवाला होताच. कात्री थेट त्याच्याकडे गेला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं त्या माणसाला नीट पाहिलं. बिचाऱ्याच्या सदऱ्याला गळ्यापाशी बटण नव्हतं. "चहा घेणार?" त्यानं विचारलं. वसुलीवाला दोन पावलं मागे सरला. "हुकूम आला," कात्री म्हणाला. "आता तुमचे पैसे कोर्टातून येतील. दर महिन्याला, न चुकता, मीच पाठवणार आहे." वसुलीवाल्याचा चेहरा उतरला. "म्हणजे आता मी यायचं कारण नाही?" "नाही." "बरं," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "तब्येतीला जपा." आणि ते त्यानं मनापासून म्हटलं असावं. कात्री रस्त्याला लागला. दुकानांच्या काचा, वाळत घातलेले कपडे, कोणाच्या तरी खिडकीतून येणारा तळणाचा वास, सगळं त्याच्या अंगावर धावून येत होतं. सहा हजार तीनशे तेहेतीस, तो पावलागणिक म्हणत होता, सहा हजार तीनशे तेहेतीस, आणि तीस महिने, अडीच वर्षं, त्यात काय आहे, मूल चालायला-बोलायला लागतं तेवढा वेळ. पण घराची पायरी आली तशी ती आकडेमोड बंद पडली. आता उरलं होतं ते मोजता येण्यासारखं नव्हतं.

बायको नुकतीच आली होती. त्यानं पाकीट तिच्या हातात दिलं, आणि बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं: तिनं ते तळहातावर एकदा वरखाली केलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"अगं, बस जरा," तो म्हणाला आणि सांगू लागला. कोर्टाचा कागद वाचावा तसं, क्रमानं. दुकान, जामीन, वसुलीवाला, बेलीफ, आजचा लिफाफा. ती ऐकत होती. जामिनाचं ऐकून तिनं कपाळाला हात लावला, बेलीफच्या हातात आलेल्या कपाटाच्या दाराचं ऐकून नकळत हसलीसुद्धा. मग तो पत्राशी आला.

"थांबा," ती म्हणाली. "पत्र? त्यानं पत्र लिहिलं होतं?"

"ऑफिसच्या पत्त्यावर. फेडल्याशिवाय ताईला तोंड दाखवणार नाही म्हणाला. मीच लिहिलं त्याला, तोवर येऊ नकोस म्हणून. तुला वाईट वाटलं असतं."

"आणि मला वाईट वाटलं नाही असं वाटलं तुम्हाला?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "पैशाचं मला काही नाही. माझा पगार आहे, भागेल. पण माझ्या बोलण्यानं माझा भाऊ तुटला असं मी तीन वर्षं धरून बसले, आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात. याची भरपाई कशातून कापणार आहात?"

इथे कुठले पहिले हजार बाजूला ठेवायची सोय नव्हती. तो मान खाली घालून बसून राहिला, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्याला वाटलं की हे पुरेपूर आपल्या वाट्याचं आहे, यातलं काही कमी होता कामा नये.

"नंबर आहे?" तिनं विचारलं.

त्यानं तो तोंडपाठ सांगितला. तिनं फोन लावला, पाठ त्याच्याकडे करून. "मी बोलतेय," ती म्हणाली. मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिली. "रडू नकोस. गाढवा, आधी रडणं थांबव. कळलं मला सगळं, आत्ताच कळलं. नाही, कोणी रागावलेलं नाही. म्हणजे रागावलेय, पण तुझ्यावर नाही." ती परत ऐकू लागली आणि ऐकता ऐकता हळूच जमिनीवर बसली. "कधी?... खरंच?... आईचं? आईचं नाव ठेवलंस?" तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. एवढी संतापलेली आणि एवढी आनंदलेली, दोन्ही एकाच वेळी आणि पुरेपूर, त्यानं तिला लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिली नव्हती.

"मुलगी झालीय त्याला," ती म्हणाली. "पावणेदोन वर्षांची आहे. पावणेदोन वर्षं मी आत्या आहे, आणि मला माहीतच नाही." तिनं फोन पुढे केला. "घ्या, तिला दिलाय त्यानं फोन. तुम्ही बोला. मला जमत नाहीये."

त्यानं फोन कानाला लावला. पलीकडे भराभर चाललेला छोटासा श्वास होता, आणि मागे मेहुण्याचं मुसमुसणं.

"कोण?" त्या श्वासानं विचारलं.

सकाळपासून तो कागदावर सदर इसम होता, ऋणकोचा जामीनदार होता. "आतोबा," तो म्हणाला. स्वतःच्या तोंडून हा शब्द त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. "मी तुझा आतोबा."

पलीकडे थोडा विचार झाला. "ये," असं ठरलं.

"येतो," तो म्हणाला, "उद्या सुट्टीच आहे, सकाळी पहिल्या बसनं," आणि हे ठीक आहे ना म्हणून विचारायला त्यानं बायकोकडे पाहिलं. ती आत्तापासूनच चपला शोधत होती.